हळूहळू घेऊ

"ऊठ. आज बुधवार आहे."

लॅबच्या मॅडम हे बोलल्या तेव्हा माझ्या डाव्या हातात ब्युरेटची तोटी होती आणि उजव्या हातात फ्लास्क. टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब रसायन सोडून प्रमाण मोजणं, चालू होतं. रंग बदलायला दोन-तीन थेंब राहिले होते. असं मधेच सोडता येत नाही. सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, "मॅडम, या महिन्यापासून बुधवार पण लॅबचा हाय. साहेबांच्या तक्त्यात तसं..."

"मला कुणी कळवलेलं नाही. कळवेपर्यंत बुधवारी तू पॅकिंगची. कोट काढून ठेव."

लॅबमध्ये आणखी दोन केमिस्ट होते. प्लांटवरून नमुना घेऊन आलेला एक ऑपरेटर दारात उभा होता. सगळे आपापल्या बाटल्यांकडे बघायला लागले. मी फ्लास्क खाली ठेवला. कोट काढला, खुंटीला लावला. दारापर्यंत गेले, तर मागून मॅडमचा आवाज आला.

"ते स्टूल पुसून घ्या रे. स्पिरिटने. कंटॅमिनेशन नको."

कंटॅमिनेशन म्हणजे काय ते मला माहीत होतं. एका पदार्थाचे कण दुसऱ्यात मिसळणं. पॅकिंगमधली पिवळी पावडर लॅबच्या नमुन्यात गेली तर आकडा चुकतो. खोटं नाही ते. पण त्या सकाळी मी पॅकिंगमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. अंघोळ करून, धुतलेला ड्रेस घालून, घरून थेट लॅबमध्ये आले होते. माझे हात पिवळे होते, हे खरं. पण तो रंग कातडीत मुरलेला. तो उडत नाही, सांडत नाही, साबणाने जात नाही. आदल्या दिवशी, मंगळवारी, त्याच हातांनी मी त्याच स्टुलावर आठ तास बसले होते. तेव्हा कुणी पुसलं नव्हतं.

लोक मला विचारतात, तेव्हा काय वाटलं? काही वाटलं नाही. दात काढताना गाल बधिर करतात ना, तसं. गाल आपलाच असतो, पण आहे का बघायला हात लावावा लागतो.

पॅकिंगची शेड लॅबच्या मागे होती. चालत गेले. तोंडाला फडका बांधला. ड्रम ओढला आणि भरायला लागले.

आमचा धनगरवाडा पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. दहा-बारा घरं, म्हशी, नाचणी-वरीची वावरं. खाली रस्त्याला यायला दीड तास, परत चढायला दोन. बा दर आठवड्याला तुपाचा डबा घेऊन खाली उतरायचा. खोऱ्यातल्या एका गावात मोठ्या शेतकऱ्याचं घर होतं, तिथं आमचं तूप जायचं. लहानपणी मी बाबरोबर जायची. ती माणसं ओटीवर, बा अंगणात. बाला नाव होतं, पण त्या घरात ते कुणाला माहीत नव्हतं. "धनगर आलाय गो," असं आत सांगायचे, आणि आतून भांडं यायचं.

एकदा मी पायरी चढून वर गेले. ओटीवर एक झोपाळा होता, तो बघायला. घरातली बाई म्हणाली, "पाय शेणाचे हायत. खाली उतर."

मी पाय बघितले. वाटेत ओढ्यात धुतलेले होते. बानं मला दंडाला धरून खाली घेतलं आणि तूप मोजून दिलं.

मी शिकले ती वसतिगृहात राहून. आधी पोलादपूर, मग महाड. बारावी सायन्स पास झाले. आमच्या डोंगरावर तोवर कुणी दहावीही झालं नव्हतं. बाला निकाल सांगितला तर तो म्हणाला, "मग आता?" त्याला मला दुखवायचं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं, बारावीनंतर काय असतं ते. मलाही नव्हतं. पुढं कॉलेज जमलं नाही. बिरवाडीला आत्या राहायची, तिच्याकडे आले आणि एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती. महाडच्या बाजूला कारखान्यांच्या चिमण्या वाढत होत्या आणि खेड्याखेड्यांतल्या बायका सकाळच्या गाडीनं कामाला येत होत्या.

पॅकिंगचा सुपरवायझर म्हणजे अनंता. ज्या घरी बा तूप द्यायचा त्या घरचा धाकटा मुलगा. पहिल्याच दिवशी त्यानं मला ओळखलं.

"तू त्या तूपवाल्या धनगराची पोर ना गो?"

मी हो म्हटलं. तो वाईट माणूस नव्हता. ओरडायचा, पण सगळ्यांवर सारखा ओरडायचा. मला मात्र तो कधी नावानं हाक मारत नसे. "धनगरीण, इकडं ये." दुसऱ्या बायका हसायच्या, मग मीही हसायची.

काम असं: रंगासाठी लागणारी पिवळी पावडर पोत्यातून पत्र्याच्या डबड्यानं उचलून ड्रममध्ये भरायची, वजन करायचं, झाकण ठोकायचं, लेबल लावायचं. हात उघडे. तोंडाला घरचा फडका. महिन्याभरात नखं पिवळी झाली, मग तळवे, मग कोपरापर्यंत. घामानं उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा. आत्या म्हणायची, "हळदीची नवरी." आम्हाला वाटायचं, रंगच आहे, त्यात काय.

वर्षभरानं नव्या प्लांटचं काम निघालं. मशिनरी बसत होती, एकीकडे ट्रायल बॅचेस चालू होत्या. दर तासाला नमुना लॅबमध्ये यायचा आणि लॅबला माणसं कमी पडायला लागली. नेमणुका बघणारे पर्सोनेलचे साहेब पॅकिंग शेडच्या दाराशी येऊन विचारून गेले, "बारावी सायन्स कुणी आहे का?" मी हात वर केला. एकटीच.

लॅबच्या मॅडमनी मला एक टायट्रेशन करून दाखवलं आणि म्हणाल्या, कर. मी केलं. पुन्हा करायला लावलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही आकडा तोच आला. गुलाबी रंग अगदी येतो-न येतो तेवढ्यात थांबायचं असतं. एक थेंब जास्त झाला की गेलं. मला तो थेंब दिसायचा. मॅडम साहेबांना म्हणाल्या, "हिची नजर चांगली आहे हो."

त्या दिवशी मी आत्याकडे जाईपर्यंत तेच वाक्य मनात म्हणत होते.

साहेब महाडचे. बोलणं मऊ, कधी आवाज चढायचा नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्चीत बसवलं. टेबलावर एक कागद पसरला, त्यावर रेघा मारून तक्ता केला होता.

"हे बघ. तुला एकदम पॅकिंगमधून काढता येणार नाही. डिस्पॅच चालू आहे, अनंता सोडायला तयार नाही. आणि लॅबला तर तू हवीस. तेव्हा हळूहळू घेऊ. आधी सोमवार-मंगळवार लॅब, बाकी चार दिवस पॅकिंग. दोन महिन्यांनी बुधवारही लॅबचा. असं करत करत सहा महिन्यांत पूर्ण लॅब. मग बदलीचं पत्र. चालेल?"

मी मान हलवली. चालेल काय, धावेल, असं वाटलं होतं.

आता त्या दिवसांचं सांगते.

सोमवारी गेटवर वॉचमन म्हणायचा, "या मॅडम." पिशवी बघायचा नाही. लॅबच्या माणसांच्या पिशव्या तपासत नसत. बुधवारी तोच वॉचमन डबा उघडायला लावायचा, भाकरी उचलून खाली बघायचा. सोमवारी चहा कपबशीतून, स्टाफच्या टेबलावर. गुरुवारी स्टीलच्या पेल्यातून, शेडच्या पायरीवर. कँटीन एकच होतं, मधे एक लाकडी पार्टिशन. मंगळवारी मी पार्टिशनच्या इकडे बसून जेवायची आणि पलीकडून पॅकिंगच्या बायकांचं हसणं ऐकू यायचं. कोण कशावर हसतंय तेही मला कळायचं. बुधवारी मी पलीकडे जायची आणि त्या हसायच्या थांबायच्या.

त्यात इंदू होती, बिरवाडीचीच. कामाला लागल्यापासून आम्ही दोघी एका ड्रमवर. ती भरायची, मी वजन करायची. सुरुवातीला ती चेष्टा करायची, "आली गो सोमवारची मॅडम." मग चेष्टाही बंद झाली. एकदा मी विचारलं, "रागावलीस काय?"

ती म्हणाली, "रागावू कशाला? तू काय आज हायस, उद्या नाय. तुझ्याशी बोलायचं तरी कुठल्या वारी?"

दोन महिने झाले. बुधवार आला नाही. साहेब म्हणाले, मशिनरी उशिरा आली, डिस्पॅचचा जोर आहे, पुढच्या महिन्यापासून. मग पुढच्या. चार महिने, सहा महिने. एकदा म्हणाले, या महिन्यापासून नक्की, तक्त्यात लिहिलंय. त्या भरवशावर मी बुधवारी लॅबच्या स्टुलावर जाऊन बसले. पुढचं मी सांगितलंच.

त्यानंतर मला बोलावून साहेब म्हणाले, "माझ्याकडून कळवायचं राहिलं. मॅडमना वाईट वाटून घेऊ नकोस." म्हणजे मी वाईट वाटून घ्यायचं नव्हतं, की मॅडमना वाईट वाटलं होतं, ते मला कळलं नाही. मी "नाय साहेब" म्हटलं आणि आले.

मॅडम माझ्याशी एरवी बऱ्या वागायच्या. एका सोमवारी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे म्हशीचं घरचं तूप मिळतं ना?" बा खाली आला तेव्हा मी सांगितलं. पुढच्या खेपेला त्यानं गेटपर्यंत डबा आणून दिला. डोंगरावरून चालत, मग एसटीनं. पोरीला लॅबमध्ये घेतलं म्हणून त्यानं तसंच दिलं, त्याचं काही घेतलं नाही. मॅडमनी झाकण उघडून वास घेतला, बोटावर घेऊन चाखलं. "वा! काय रवाळ आहे." डबा त्या पुसून घ्या म्हणाल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे. ती सांगायला मला सगळ्यात जड जातं.

लॅबमध्ये त्या पिवळ्या पावडरचा नमुना घेताना मॅडम रबरी हातमोजे घालायच्या. एवढासा नमुना, चिमूटभर. तरी हातमोजे, नाकाला मास्क, मग साबणानं दोनदा हात. मला वाटलं, मॅडम टापटिपीच्या आहेत. मग एका मंगळवारी कपाटातली फाइल लावताना त्या पावडरचा इंग्रजी कागद हाती लागला. मला इंग्रजी येत होतं तेवढं. कातडीतून आत जाते, असं लिहिलं होतं. रक्तावर परिणाम होतो. उघड्या हातानं हाताळू नये.

मी कागद परत फाइलमध्ये लावला.

दुसऱ्या दिवशी बुधवार. शेडमध्ये इंदू उघड्या हातांनी पावडर उपसत होती. बाकीच्या बायका उपसत होत्या. मीही डबडं घेतलं आणि उपसायला लागले. इंदूला तेव्हा दुपारनंतर चक्कर यायची, ओठ निळे दिसायचे. ती म्हणायची, "उपाशी येते ना, म्हणून." मला कागद आठवायचा. मी बोलले नाही. का नाही बोलले? कारण तो कागद मी मंगळवारी वाचला होता. मंगळवारची मी लॅबची होते. लॅबचं शेडमध्ये सांगितलं, असं कुणी म्हणालं असतं तर माझं पत्र अडलं असतं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सांगितलंही नाही. काही सांगण्याइतकी जागीच नव्हते मी.

असे चौदा महिने गेले.

मग पाहुणे यायचे ठरले. आमचा माल घेणारी मोठी पार्टी, नव्या प्लांटचा माल बघायला येणार होती. दिवस मंगळवार. सोमवारी संध्याकाळी साहेब लॅबमध्ये आले. "उद्या एक दिवस तू पॅकिंगला जा. अदलाबदल समज. फार गर्दी नको लॅबमध्ये."

"साहेब, उद्याच्या रिपोर्टचे आकडे माझे हायत. त्यांनी काय विचारलं तर..."

"मॅडम आहेत ना."

मंगळवारी पाहुणे वीर स्टेशनवर उतरले, कंपनीच्या गाडीनं आले. लॅब बघून झाली, प्लांट बघून झाला, मग ते पॅकिंग शेडमध्ये आले. साहेब, मॅडम, अनंता, सगळे बरोबर. पाहुण्यांतला एक जण म्हातारासा होता, मराठी बोलणारा. त्याच्या हातात रिपोर्टची प्रत होती. मी ड्रमवर वाकले होते. मला लांबूनसुद्धा आकडे ओळखता आले. खाली सही मॅडमची.

तो माझ्यासमोर थांबला. माझ्या हातांकडे बघितलं. मग मला विचारलं, "बाई, किती दिवस झाले इथं?"

मी म्हटलं, "सव्वादोन वर्षं. त्यातले चौदा महिने लॅब..."

साहेब मधेच हसून म्हणाले, "पॅकिंगची बाई आहे. कंत्राटी. साफसफाईला लॅबमध्येही जाते कधी कधी."

मॅडम ड्रमच्या लेबलाकडे बघत होत्या. अनंतानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याला शरम वाटली. त्या सगळ्यांत त्याला एकट्यालाच वाटली, हे मी विसरलेले नाही.

पाहुणा "अच्छा" म्हणाला आणि पुढे गेला.

माझ्या हातातलं डबडं भरलेलं होतं. ते ड्रममध्ये रिकामं करायचं की परत पोत्यात, एवढंही सुचेना. मी तशीच उभी राहिले. इंदूनं माझ्या हातून डबडं काढून घेतलं. ते ड्रममध्ये रिकामं केलं.

बुधवारी सुट्टी झाल्यावर मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. विचारायला गेले होते, भांडायला नाही.

"साहेब, माझं बदलीचं पत्र?"

"अगं, प्रोजेक्ट संपत आलाय. आता थोडक्यासाठी धीर सोडू नकोस." त्यांनी ड्रॉवर उघडला आणि माझा तक्ता काढला. मला बरं वाटावं म्हणून. "बघ, सगळं लिहून ठेवलंय मी."

तोवर मी तो कागद लांबूनच बघितला होता. त्या दिवशी जवळून बघितला. सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. महिने खोडून पुन्हा लिहिलेले, पुन्हा खोडलेले. बुधवारच्या रकान्यात रबर घासून घासून कागद विरला होता. पलीकडचं टेबल दिसत होतं. वर माझं नाव होतं, तेही पेन्सिलीनं. माझ्या हजेरीत, माझ्या कार्डावर, फाइलमध्ये, लॅबचा शब्दसुद्धा कुठं नव्हता. मी विचारलं तर साहेब म्हणाले, "ते शेवटी एकदम करू ना."

मग ते म्हणाले, "बरं झालं आलीस. सोमवारपासून एक मुलगी येतेय लॅबमध्ये. महाडचीच आहे. तिला जरा सगळं शिकव. टायट्रेशन वगैरे. तुझा हात चांगला आहे."

"ती पण सोमवार-मंगळवार?"

"नाही नाही. त्या पूर्णवेळ आहेत. पत्र दिलंय त्यांना."

त्या. मला ते "त्या" ऐकू आलं. अजून ती आलीही नव्हती.

"तिला हळूहळू नाय घ्यायचं?"

साहेब हसले. "त्यांना कशाला हळूहळू? त्या लॅबसाठीच येतायत. बीएस्सी आहेत. तुझी डिग्री नाही, हे तुलाही माहीत आहे."

"डिग्री नाय तर चौदा महिने माझे आकडे कसे चालले?"

"असं बोलू नये."

"आणि जिची डिग्री हाय तिला मी शिकवायचं?"

ते मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, तू कुठून आलीस ते बघ. कुठल्या डोंगरावरून. इतकी वर आलीस, ते कमी आहे का? वरचं एकदम मिळत नाही. माणसानं पायरी पायरीनं चढावं."

माझं तोंड उघडलं ते तिथं. आवाज चढला नाही. मला आश्चर्य वाटलं, इतका साधा आवाज निघाला.

"मी शाळेच्या दर सुट्टीला दोन तास डोंगर चढून घरी गेलेली बाई हाय. चढायचं मला नका सांगू. तिला तुम्ही दारातनं आत घेतलंत आणि मला दारातच उभं केलंत. चौदा महिने. मी तिला शिकवणार नाय. आणि सोमवारपासून लॅबमध्ये येणार नाय. घ्यायचं तर सहाही दिवस लॅब, शाईनं लिहून द्या. नायतर सहाही दिवस मी पॅकिंगची."

"स्वतःचं नुकसान करून घेते आहेस."

"हो."

बाहेर येऊन मी आवक-जावकच्या क्लार्ककडून एक कोरा कागद मागितला. हेच चार ओळींत लिहिलं, माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. दोन प्रती. एक दिली, दुसरीवर शिक्का मारून घेतला. क्लार्क म्हणाला, "पॅकिंगच्या बायका अर्ज नाही देत." मी म्हटलं, "शिक्का मारा."

सोमवारी मी शेडमध्ये गेले. दहाच्या सुमाराला मॅडम स्वतः आल्या. शेडच्या आत आल्या नाहीत, उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या, खाली पावडर होती म्हणून.

"हे काय चालवलंयस? बॅच अडलीय तिकडे. चल."

"पत्र आणा मॅडम, येते."

"मी तुझ्यासाठी इतकं केलं. तुला कोट दिला."

"कोट खुंटीला हाय."

त्या परत गेल्या. बायका सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मग मी ते सांगितलं. कागदाचं. कातडीतून आत जाते ते, रक्ताचं, उघड्या हातांचं. मॅडमच्या हातमोज्यांचं. आणि हेही सांगितलं की मला हे पाच महिन्यांपासून माहीत होतं.

इंदूनं आपले हात उलटसुलट करून बघितले. मग माझ्यापाशी आली आणि मला एक थोबाडीत मारली. जोरात. फडक्यासकट.

गालाला आग झाली. कितीतरी दिवसांनी मला माझा गाल जाणवला.

"पाच महिने?" ती म्हणाली. "पाच महिने गो?"

मी "हो" म्हटलं. दुसरं सांगण्यासारखं नव्हतं. मी डबडं उपडं करून जमिनीवर ठेवलं. "हातमोजे आल्याशिवाय मी ड्रम भरणार नाय. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

अनंता धावत आला. "धनगरीण, काय लावलंयस हे?"

मी म्हटलं, "अनंताभाऊ, मला नाव हाय. हजेरीत रोज वाचता तुम्ही."

तो थांबला. त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग त्यानं माझं नाव घेतलं, अडखळत, पहिल्यांदा. म्हणाला, "वरून मला विचारतील, मी काय सांगू?"

"हेच सांगा."

बायका वीस-बावीस होत्या. त्या दिवशी डबडं खाली ठेवणाऱ्या आम्ही तिघी. मी, आणखी एक म्हातारी बाई, आणि इंदू. इंदू माझ्याशी बोलत नव्हती, पण तिनं ठेवलं. बाकीच्या भरत राहिल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. मी स्वतः पाच महिने भरत राहिले होते.

आठवडाभरानं हातमोजे आले. पातळ, दोन बायकांत एक जोडी. मी पुन्हा अर्ज लिहिला, पुन्हा शिक्का घेतला. मग प्रत्येकीला एक जोडी आली. इतकंच. इंदू पुढं आजारी पडून घरीच बसली. मी दोनदा तिच्या घरी गेले. तिनं दार उघडलं, चहा दिला, पण ती आधीसारखी बोलली नाही. तिनं का बोलावं?

लॅबचं पत्र मला कधी आलं नाही. नव्या प्लांटचं काम पुरं झालं, आणि महिन्याभरात कंत्राट संपलं म्हणून मला कमी केलं. फक्त मला. शेवटच्या दिवशी साहेबांनी कामाचा दाखला पुढे केला. तो असल्याशिवाय एमआयडीसीत दुसरा कारखाना दारात उभं करत नसे. मी वाचला. पॅकिंग विभागात मदतनीस म्हणून समाधानकारक काम केले, असं टाइप केलेलं होतं. लॅब नव्हती.

"यात लॅबचे चौदा महिने लिहा."

"तसं लिहिता येत नाही. तुझी तिथं नेमणूकच नव्हती."

"मग कामं कुणी केली?"

साहेब घड्याळ बघत होते. "हे घे, नाहीतर हेही मिळणार नाही."

मी दाखला टेबलावर परत ठेवला. "अर्धा नको."

"उद्या पस्तावशील."

पस्तावले का? हो, काही दिवस पस्तावले. दुसऱ्या कारखान्यांनी दाखला मागितला, नव्हता, त्यांनी घेतलं नाही. बा म्हणाला, "घ्यायचा होतास, कागदच तो." बाला मी एवढंच म्हटलं की तुला त्या घरात कधी नावानं हाक मारली नाही, ते तू चालवून घेतलंस, मी नाय घेणार. तो उठून म्हशींकडे गेला.

आता मी महाडला एका छोट्या खोलीत बसते. कारखान्यांत जाणाऱ्या बायका माझ्याकडे कागद घेऊन येतात. पत्रं, दाखले, हजेरीची कार्डं. मी वाचून सांगते, अर्ज लिहून देते. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकीला मी विचारते: तुला काय सांगितलंय? आणि तिनं, "हळूहळू घेऊ म्हणालेत," असं सांगितलं की मी पुढचं ऐकत नाही. कागद पुढे ओढते आणि लिहायला घेते.

त्या कारखान्यात मी दर वर्षी अर्ज देते. चौदा महिने मी तुमच्या प्रयोगशाळेत काम केले, तसे लिहून द्या. उत्तर येत नाही. क्लार्क बदलले, साहेब निवृत्त झाले. नवी माणसं म्हणतात, बाई, सोडून द्या आता, कशाला हवंय तुम्हाला ते.

मला त्याचं काही करायचं नाही. नोकरी नको, पैसे नकोत, माफी नको. माझं काम झालं, ते माझ्या नावानं लिहिलं गेलं पाहिजे. मी जिवंत आहे तोवर अर्ज जाईल.